सूर्यत्राटक : साधना, समजुती आणि डोळ्याचे विज्ञान



आजचा पाठ पुस्तकातला नाही, वर्गात घडलेला आहे. दहावीच्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या प्रकरणाशी त्याचा जवळचा संबंध आहे, त्यामुळे अभ्यास म्हणूनही उपयोगी पडेल. पण खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षा तुमच्या डोळ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

डिसेंबर महिना होता. नववीचा वर्ग. एका मुलाला मी उतारा वाचायला उभं केलं. एरवी घडाघडा वाचणारा मुलगा अडखळायला लागला. पुस्तक डावीकडे धर, मान तिरकी कर, असं त्याचं चाललं होतं. मी विचारलं, “काय रे, चष्मा विसरलास का?” तर म्हणाला, “नाही मॅडम, ज्या अक्षराकडे बघतो तेच नेमकं दिसत नाही. बाजूची दिसतात.”

मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला पुढे पोलीस भरतीत जायचंय. चष्म्याचा नंबर आडवा येईल अशी त्याला भीती. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, ‘सूर्यत्राटक करा, चष्मा घालवा’. दिवाळीच्या सुट्टीपासून तो रोज सकाळी गच्चीवर जाऊन सूर्याकडे टक लावून बघत होता. पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग रोज दहा सेकंद वाढवायचे. बेचाळीस दिवसांत तो सात मिनिटांवर पोहोचला होता. थंडीत उठायला उशीर व्हायचा, त्यामुळे कधी साडेसात, कधी आठ वाजायचे.

त्याच्या घरी गेले तेव्हा आजीने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न म्हणजेच आजचा आपला पाठ. आजी म्हणाल्या, “बाई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून सूर्याला पाणी घालते. माझे डोळे तर शाबूत आहेत. मग माझ्या नातवालाच कसं काय झालं?”

चला तर मग, आजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधूया.

१. त्राटक म्हणजे नेमके काय?

त्राटक ही हठयोगातील एक शुद्धिक्रिया आहे. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा क्रियांना मिळून षट्कर्मे म्हणतात. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात आणि नंतरच्या ‘घेरंडसंहिते’त त्यांचे वर्णन आहे. एखाद्या सूक्ष्म, म्हणजे लहानशा लक्ष्यावर नजर स्थिर करायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहायचे आणि मग थांबायचे, असे त्राटकाचे थोडक्यात स्वरूप आहे.

यातला ‘सूक्ष्म’ हा शब्द अधोरेखित करा. लक्ष्य लहान हवे, असे ग्रंथ सांगतो. ते प्रखर हवे, असे सांगत नाही. म्हणूनच योगवर्गांत भिंतीवरचा काळा बिंदू, समईची ज्योत किंवा मेणबत्ती वापरतात. सूर्याकडे पाहण्याच्या प्रकाराला लोक ‘सूर्यत्राटक’ म्हणतात, पण त्राटक म्हणजे सूर्याकडे पाहणे नव्हे.

पतंजलींच्या योगसूत्रांत, विभूतिपादात, सूर्यावर संयम केल्याने भुवनांचे ज्ञान होते अशा अर्थाचे सूत्र आहे. सूर्यत्राटकाचे समर्थक ते नेहमी पुढे करतात. पण ‘संयम’ हा योगातला पारिभाषिक शब्द आहे. धारणा, ध्यान आणि समाधी या तिघांना मिळून संयम म्हणतात. ही मनाची क्रिया आहे, बुबुळांची नव्हे. जुन्या टीकाकारांनी तर तिथला सूर्य म्हणजे शरीरातील सूर्यद्वार, सुषुम्ना, असाही अर्थ लावला आहे.

२. परंपरा सूर्याकडे कशी पाहते?

आपल्याकडे सूर्याला देव मानण्याची परंपरा फार जुनी आहे. रथसप्तमीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढतात आणि शेणीवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कनकादित्याचे मंदिर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो तुम्ही शाळेत घालताच. बिहारकडची मंडळी छठपूजेला पाण्यात उभी राहून मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सूर्यासमोर उभे राहायचे, वाकायचे, हात जोडायचे, पाणी सोडायचे. सूर्यनमस्कारात तर नजर बराच वेळ जमिनीकडेच असते. मिनिटेच्या मिनिटे डोळे फाडून बघत राहणे यात कुठेच नाही.

उलट, जुन्या ग्रंथांत याविषयी स्पष्ट मनाई सापडते. वाग्भटांचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदाचा प्रमुख ग्रंथ. त्याच्या दिनचर्येच्या अध्यायात सांगितले आहे, की सूर्याकडे मुळीच पाहू नये आणि झगझगीत किंवा अतिसूक्ष्म वस्तूकडे सतत पाहू नये. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही उगवता, मावळता, ग्रहण लागलेला, पाण्यात पडलेला आणि माध्यान्हीचा असा कुठलाच सूर्य पाहू नये, असा नियम आहे. मनुस्मृतीतले सामाजिक नियम आपण नाकारले आहेत आणि ते योग्यच झाले. इथे तिचा उल्लेख फक्त एवढ्यासाठी, की सूर्याकडे टक लावणे धोक्याचे आहे हे जुन्या लोकांना अनुभवाने माहीत असावे, याचा तो पुरावा आहे.

मग आपल्याकडे असे कुणी करतच नव्हते का? करत होते. जैन आगमांत सूर्याकडे तोंड करून, हात वर करून ऊन सोसण्याच्या तपाचे उल्लेख आहेत. त्याला ‘आतापना’ म्हणतात. पण ते कठोर तप होते. शरीराला क्लेश होणार हे गृहीत धरूनच ते केले जाई. ‘करून बघा, चष्मा जाईल’ असे त्यात कुणी म्हणत नव्हते. तप आणि औषध यांत फरक आहे.

३. मग ‘रोज दहा सेकंद’ हे आले कुठून?

दहा सेकंदांपासून सुरुवात, रोज दहा सेकंद वाढ, उघड्या मातीवर अनवाणी उभे राहणे, सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या एका तासातच पाहणे आणि साधारण नऊ महिन्यांनी ४४ मिनिटांपर्यंत पोहोचणे, ही पद्धत हीरा रतन माणेक यांनी लोकप्रिय केली. १९३७ साली जन्मलेल्या माणेक यांनी देशोदेशी व्याख्याने दिली. सूर्यप्रकाशामुळे भूक नाहीशी होते आणि आपण दीर्घकाळ अन्नाशिवाय राहिलो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावर आणि या पंथावर ‘ईट द सन’ नावाचा माहितीपट निघाला. त्यात ते उपाहारगृहात जेवताना दिसले आणि अनेकांचा विश्वास डळमळला.

‘सूर्याने नजर सुधारते’ या कल्पनेचे मूळ मात्र वेगळे आहे. अमेरिकेत विल्यम बेट्स नावाचे नेत्रवैद्य होते. त्यांनी १९२० साली चष्म्याशिवाय उत्तम दृष्टी मिळवण्यावर पुस्तक लिहिले. त्यात डोळ्यांवर ऊन घेण्याचा उपाय सांगितला होता. नेत्रविज्ञानाने ती पद्धत स्वीकारली नाही, पण कल्पना जगभर फिरत राहिली. आज व्हिडिओत ‘प्राचीन भारतीय रहस्य’ म्हणून जे सांगतात, त्यातला बराच भाग शंभर वर्षांपूर्वीचा आणि अमेरिकेतला आहे!

४. डोळ्यात काय घडते?

आता आपल्या विषयाकडे येऊ. बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग तुम्ही केला आहे. भिंग सूर्याची छोटीशी प्रतिमा कागदावर पाडते. भिंगावर पडलेला सगळा प्रकाश त्या ठिपक्यात एकवटतो आणि कागद पेटतो.

तुमच्या डोळ्यातही असेच भिंग आहे. थोडा हिशेब करू.

- सूर्याचा आकार आपल्याला आकाशात सुमारे अर्धा अंश दिसतो.
- पारपटल आणि नेत्रभिंग मिळून डोळ्याचे नाभीय अंतर साधारण १७ मिलिमीटर धरतात.
- त्यावरून दृष्टिपटलावर सूर्याची प्रतिमा पडते ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर व्यासाची.
- लख्ख उजेडात बाहुली आकुंचन पावून साधारण २ मिलिमीटरची होते.

म्हणजे २ मिलिमीटरच्या दारातून आत आलेला प्रकाश ०.१६ मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा होतो. दोन्हींच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. उत्तर दीडशेच्या आसपास येईल. डोळ्यात थोडा प्रकाश शोषला जातो हे धरले तरी तळहातावर जेवढे ऊन पडते, त्याच्या शंभराहून अधिक पट तीव्र प्रकाश त्या ठिपक्यावर पडतो.

आणि हा ठिपका पडतो कुठे? आपण जिकडे रोखून बघतो, त्याची प्रतिमा पीतबिंदूच्या अगदी मधोमध असलेल्या खळगीवर पडते. तिथे शंक्वाकार पेशी दाटीने असतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, दुरून माणसाचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे त्या इवल्याशा जागेवर चालतात. तिला इजा झाली, तर बाजूचे सगळे दिसते आणि नेमके समोरचे अक्षर पुसल्यासारखे होते. आपल्या मुलाची तक्रार आठवली? “ज्या अक्षराकडे बघतो तेच दिसत नाही.”

इजा होते ती मुख्यतः भाजून नव्हे. प्रकाशातील निळ्या आणि अतिनील भागामुळे पेशींत घातक रासायनिक बदल होतात. यात तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. तव्याला हात लागला तर आपण झटकन मागे घेतो. दृष्टिपटल मात्र गप्प राहते. ‘मला काही त्रास झाला नाही’ हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

दोन, लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मधोमध डाग दिसणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, रंग फिके वाटणे, अंधुक दिसणे असे सुरू होते.

तीन, ही मात्रा साठत जाते. रोज दहा सेकंद वाढवण्यामागचा तर्क व्यायामशाळेतला आहे. आज दहा बैठका, उद्या वीस, स्नायू तयार होतो. पण दृष्टिपटल हा स्नायू नाही. ते सरावाने ‘तयार’ होत नाही. मेलेल्या शंक्वाकार पेशीच्या जागी नवी पेशी येत नाही.

अनेकांची दृष्टी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरीच सुधारते. काहींच्या नजरेत मात्र कायमचा दोष राहतो. खात्रीचे औषध नाही. लहान मुलांचे नेत्रभिंग मोठ्यांपेक्षा अधिक पारदर्शक असते, त्यामुळे अतिनील किरण जास्त आत पोहोचतात. म्हणून मुलांना धोका अधिक.

यात शहाणे लोकही फसले आहेत, बरं का. खुद्द आयझॅक न्यूटन यांनी तरुणपणी आरशात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याचा प्रयोग केला. नंतर कुठेही पाहिले तरी त्यांना सूर्याचा ठिपकाच दिसू लागला. शेवटी तीन दिवस त्यांनी अंधाऱ्या खोलीत काढले. १६९१ साली जॉन लॉक यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा अनुभव सांगितला आहे.

५. “पण मॅडम, कोवळं ऊन तर चालतं ना?”

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यात तथ्य आहे, म्हणून नीट समजून घ्या.

सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत हा थर जवळजवळ ३८ पट असतो. वाटेत निळ्या प्रकाशाचे विकिरण होते आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी मंद गोळा पोहोचतो. समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताकडे सहज नजर गेली म्हणून कुणी घाबरण्याचे कारण नाही.

पण गंमत पुढे आहे. महाराष्ट्रात सूर्य बराच उभा चढतो. विषुवदिनाच्या सुमारास सूर्योदयानंतर तासाभरात तो साधारण १४ अंश वर येतो. तेव्हा हवेचा थर किती उरतो? फक्त चारपट! म्हणजे ‘पहिला एक तास सुरक्षित’ असे म्हणतात, त्या एका तासात निसर्गाची गाळणी ३८ पटींवरून ४ पटींवर आलेली असते. पाऊस पडून हवा स्वच्छ झाली असेल, डोंगरावर असाल, तर गाळणी आणखी पातळ.

शिवाय टक लावणारा माणूस मिनिटभर नव्हे, कित्येक मिनिटे पाहतो. दरम्यान सूर्य वर सरकत असतो आणि साधक मात्र ‘अजून माझी वेळ पूर्ण व्हायची आहे’ म्हणून थांबतो. आपला मुलगा तर पावणेआठ-आठला बघत होता.

६. चार दावे, चार उत्तरे

दावा १ : डोळ्यांवाटे सूर्याची ऊर्जा मिळते, भूक लागत नाही.

वहीत गणित करा. भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट धरू. २ मिलिमीटर व्यासाच्या बाहुलीचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. दोन्ही डोळ्यांत मिळून साधारण ०.००६३ वॅट ऊर्जा जाते. ४४ मिनिटे म्हणजे २६४० सेकंद. गुणाकार केला की येतात सुमारे १६.६ ज्यूल, म्हणजे जवळपास ४ कॅलरी. पण आहारात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरी असते. एक ग्रॅम साखरेत ४ किलोकॅलरी असतात. म्हणजे ४४ मिनिटांत मिळाली ती एक मिलिग्रॅम साखरेइतकी ऊर्जा! पाच ग्रॅमच्या एका चमच्यासाठी असे ५००० दिवस उभे राहावे लागेल, म्हणजे पावणेचौदा वर्षांच्या आसपास. हेही भर दुपारच्या उन्हाने. आणि इतके करून ही ऊर्जा शरीराला अन्न म्हणून वापरता येत नाही, कारण आपल्याकडे पानांसारखे हरितद्रव्य नाही.

दावा २ : व्हिटॅमिन डी मिळते.

व्हिटॅमिन डी त्वचेत तयार होते, डोळ्यात नव्हे. त्यासाठी लागणारे विशिष्ट अतिनील किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना जवळजवळ पोहोचतच नाहीत. थोडा वेळ हातापायांवर चांगले ऊन घेणे वेगळे आणि पहाटेच्या सूर्याकडे बघणे वेगळे.

दावा ३ : चष्म्याचा नंबर जातो.

निकटदृष्टितेत बहुतेक वेळा नेत्रगोल लांबट झालेला असतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. लांबलेला नेत्रगोल सूर्याकडे पाहून आखूड होत नाही. मात्र एक खरी गोष्ट सांगते. जी मुले रोज मोकळ्या आकाशाखाली खेळतात, त्यांना निकटदृष्टिता होण्याचे प्रमाण कमी असते. म्हणजे फायदा मैदानावर जाण्यात आहे, सूर्याकडे टक लावण्यात नाही!

दावा ४ : झोप आणि मन सुधारते.

यात बराच सत्यांश आहे. दृष्टिपटलात काही पेशी केवळ उजेडाची पातळी मोजून मेंदूला कळवतात. त्यावर आपले जैविक घड्याळ लागते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्री झोप वेळेवर येते. पण त्यासाठी अंगणात फिरणे पुरते. ओसरीत बसून चहा घेतला तरी आकाशाचा उजेड डोळ्यांत जातोच.

७. मग लोकांना अनुभव येतात, ते खोटे का?

नाही. अनुभव खोटे नसतात, त्यांचा लावलेला अर्थ चुकू शकतो.

सूर्याकडे पाहून डोळे मिटले की निळा-जांभळा गोळा तरंगताना दिसतो. कुणी त्याला आत्मज्योत म्हणते. ती असते पश्चात्प्रतिमा. तीव्र प्रकाशाने पेशींतील रंगद्रव्य तात्पुरते संपते, म्हणून तिथे वेगळ्या रंगाचा ठसा दिसत राहतो. एका बिंदूवर नजर खिळवली की आजूबाजूचे दृश्य विरघळल्यासारखे होते. हा परिणाम स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ साली नोंदवला होता आणि तो कागदावरच्या ठिपक्यानेही येतो.

आणि जी शांतता लाभते, तिचे श्रेय खरे तर पहाटे उठण्याला, गार हवेला, मोबाईल बाजूला ठेवून एका जागी स्थिर उभे राहण्याला द्यायला हवे. हे सगळे सूर्याकडे न पाहताही मिळते.

८. साधना करायचीच असेल तर

मन एकाग्र करण्याची इच्छा चांगली आहे. तिला नाउमेद करायला मी हे लिहीत नाही. असे करून बघा :

१. पांढऱ्या कागदावर मोहरीएवढा काळा ठिपका काढा. डोळ्यांच्या उंचीवर, हात-दीड हात अंतरावर लावा. मिनिटभर शांतपणे पाहा. पापण्या मिटाव्याशा वाटल्या तर मिटा.
२. मग डोळे मिटून तो ठिपका मनात पाहा. खरा सराव इथे सुरू होतो.
३. उगवतीकडे तोंड करून डोळे मिटून बसा. चेहऱ्यावर येणारी ऊब आणि श्वास यांकडे लक्ष द्या.
४. फेफऱ्याचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ज्योतीचे त्राटकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

९. सूर्य पाहायचाच असेल तर

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सूर्य जरूर पाहावा, पण कागदावर! पुठ्ठ्याला सुईने बारीक छिद्र पाडा. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि छिद्रातून येणारा प्रकाश एक मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. सुमारे ९ मिलिमीटरचा गोल ठिपका दिसेल. ती सूर्याची प्रतिमा आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, तेव्हा हाच पुठ्ठा कामी येईल. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांतून सूर्य अजिबात पाहू नका. उजेड कमी झाल्यासारखा वाटतो, बाहुली मोठी होते आणि न दिसणारे किरण बिनदिक्कत आत जातात.

१०. आजींचे उत्तर

आजींना मी म्हटलं, “आजी, पाणी घालताना तुमची नजर कुठे असते हो?”

त्यांनी तांब्या हातात घेतल्यासारखं करून दाखवलं. दोन्ही हात वर गेले, मान खाली झुकली, डोळे मिटले. क्षणभराने त्यांचं त्यांनाच कळलं. म्हणाल्या, “अगं बाई! मी तर त्याच्याकडे बघतच नाही. देवासमोर मान वर करून कोण उभं राहतं?”

हेच उत्तर आहे. आजी सूर्याला नमस्कार करत होत्या आणि नातू त्याच्याशी नजर भिडवत होता.

तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञांनी स्कॅन करून पीतबिंदूच्या मधोमध बारीकशी खोट दाखवली. ऊन पाहणे त्याच दिवशी बंद झाले. मार्चपर्यंत त्याचा डावा डोळा जवळपास पूर्ववत झाला. उजव्या डोळ्यात मात्र अजूनही एक ठिपका आहे. तो म्हणतो, “मॅडम, एका डोळ्याने वाचलं तर ‘कमळ’मधला ‘म’ सापडत नाही.” ज्या नंबरच्या भीतीने त्याने हे केलं, तो नंबर जिथल्या तिथे आहे. चष्मा होता, चष्मा राहिला. त्यात हा ठिपका वाढला. भरतीचं काय होईल, मला सांगता येत नाही. पण आपल्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून वर्गासमोर उभं राहून हे सगळं त्याने स्वतः सांगितलं. ते सोपं नव्हतं. हा पाठही त्याच्या परवानगीनेच लिहिला आहे.

लक्षात ठेवा

- त्राटक म्हणजे एकाग्रतेचा सराव. त्यासाठी सूर्याची गरज नाही.
- दृष्टिपटलाला दुखत नाही, म्हणून धोका कळत नाही.
- मधोमध डाग, वाकड्या रेषा किंवा अंधुकपणा जाणवल्यास लपवू नका. घरी सांगा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- कोणताही व्हिडिओ पाहताना विचारा : हा दावा मोजता येतो का? कुणी मोजला आहे का?

स्वाध्याय

१. सूचीछिद्रातून मिळालेल्या प्रतिमेचा व्यास मोजा. सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटर धरून सूर्याचा व्यास काढा.
२. ‘दृष्टिपटल हा स्नायू नाही’ हे विधान पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सूर्याला नमस्कार कसा करतात ते विचारा. नजर कुठे असते, ते वहीत नोंदवा.

उत्तरे सोमवारी वर्गात पाहू. आणि हो, हा पाठ घरच्यांनाही वाचून दाखवा. व्हिडिओ त्यांच्याही मोबाईलवर येतात!